जुळाऱ्याची वही

सेवानिवृत्तीपूर्वीच्या अखेरच्या वर्षातील ही गोष्ट आहे. इतिहासाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून त्यांच्या तासाला सातवीच्या वर्गावर मी गेलो. मुख्याध्यापक वर्गात आले की मुले एरवीपेक्षा जरा अधिकच शहाण्यासारखी बसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया व आफ्रिका या खंडांतील देश कसे स्वतंत्र झाले, ते मुलांना सांगावयाचे होते. मी फळ्यावर चार-पाच शब्द लिहिले : वसाहत, साम्राज्य, पारतंत्र्य, स्वराज्य, सत्तांतर. पहिल्याच शब्दावर बोट ठेवून मी विचारले, "वसाहत म्हणजे काय?"

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, आम्ही पोलीस वसाहतीत राहतो," तो म्हणाला, आणि क्षणभर थांबून, अगदी मनापासून त्याने विचारले, "आमच्या वसाहतीला स्वातंत्र्य कधी मिळालं?"

सारा वर्ग हसला. मीही हसलो. "बस खाली," असे म्हणून मी शब्दाचा पुस्तकी अर्थ सांगितला आणि पुढच्या शब्दाकडे वळलो. तो मुलगा बसला खरा. परंतु तास संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही. ते मी पाहिले, पण तेवढ्यापुरते. संध्याकाळी लकडी पुलावरून घरी परतत असताना ती खाली गेलेली मान एकदम डोळ्यांपुढे आली, आणि तिच्या पाठोपाठ माझे आजोबा आठवले. शब्दाचा अर्थ विचारणाऱ्याला हसण्याचा अपराध त्यांच्या हातून कधीही घडला नसता.

माझे आजोबा जुळारी होते. आजच्या मुलांना हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. त्या काळी छापखान्यात प्रत्येक अक्षराचा शिशाचा एकेक खिळा असे. खिळ्यावरचे अक्षर उलटे, आरशात दिसावे तसे. लाकडी केसमध्ये लहान लहान खण केलेले असत आणि त्यांत हे खिळे जातवार ठेवलेले असत. पुढ्यातला मजकूर वाचीत, एकेक खिळा उचलून शब्द जुळवावयाचा, शब्दांची ओळ करावयाची, ओळींचे पान. छापून झाले की सारे खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकावयाचे. हे काम आजोबांनी नारायण पेठेतील एका छापखान्यात वयाच्या पंधराव्या वर्षापासून चाळीस-पंचेचाळीस वर्षे केले. शाळेत ते चौथीपर्यंतच गेलेले. पण मी पुढे मराठीत एम. ए. झालो तरी शब्दाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्याचे धैर्य मला झाले नाही.

ते म्हणत, "आमच्या केसमध्ये अर्ध्या 'स'चा खण सगळ्यांत आधी रिकामा व्हायचा. स्वराज्य, स्वदेशी, स्वावलंबन, स्वातंत्र्य! एकेका अग्रलेखात किती 'स' घालाल, असं संपादकांना विचारायची पाळी यायची." यात अतिशयोक्ती किती आणि सत्य किती, हे मला सांगता यावयाचे नाही. 'रस्ता', 'पुस्तक', 'वस्तू' या साध्या शब्दांनाही अर्धा 'स' लागतोच. पण देशाचा इतिहास खणातल्या खिळ्यांवरून मोजणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

१९७२ साली स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव झाला. मी त्या वेळी सातवीत होतो. शाळेने निबंधस्पर्धा ठेवली. मी मोठ्या उत्साहाने चार पाने भरून काढली आणि निबंध आजोबांपुढे धरला. पहिलेच वाक्य होते, 'गुलामगिरीच्या शृंखला तोडून भारतमाता मुक्त झाली.' आजोबांनी चष्मा पुसला.

"शृंखला म्हणजे काय रे, बाळ?"

"साखळी."

"आणि गुलामगिरी?"

"इंग्रजांचं राज्य," मी म्हणालो.

"एवढंच? उद्या माझ्याबरोबर चल."

दुसऱ्या दिवशी ते मला गंज पेठेत जोतीराव फुल्यांच्या वाड्यापाशी घेऊन गेले. 'गुलामगिरी' या नावाचे पुस्तक जोतीरावांनी १८७३ साली लिहिले आणि अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांना ते अर्पण केले, हे त्यांनी मला तेथे उभ्या उभ्या सांगितले. त्या पुस्तकातील गुलामगिरी इंग्रजांनी लादलेली नव्हती. ती आपल्याच समाजाने आपल्याच माणसांवर लादलेली होती. परत येताना ते एवढेच म्हणाले, "ज्याचा शब्द आहे, त्याला विचारल्याशिवाय वापरू नये." माझा निबंध त्या रात्री मी पुन्हा लिहावयास घेतला. बक्षीस मिळाले नाही, हेही सांगून टाकतो.

त्याच वेळी त्यांनी मला आपली वही प्रथम दाखविली. त्यांच्याकडे पूर्वी जुन्या कात्रणांची एक पेटी होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेला पूर आला, त्यात आमच्या वाड्याचा खालचा मजला गेला आणि पेटीही गेली. नंतर सेवेतून मोकळे झाल्यावर त्यांनी स्मरणाने एक वही लिहिली. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला त्यांनी स्वतः लावलेला अर्थ. ज्या शब्दांनी त्यांच्या आयुष्यात सर्वांत अधिक खिळे खाल्ले, तेवढेच शब्द त्यात होते.

'स्वराज्य' या शब्दाला दोन पाने दिलेली होती. हा शब्द लोकमान्यांनी घडविला असे आपण समजतो. परंतु १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून तीन सनदा आणल्या, त्यांत चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या जोडीला एक सनद स्वराज्याची होती. तेथे स्वराज्य म्हणजे शिवछत्रपतींच्या वेळचा मूळ मुलूख. पुढे १९०६ साली कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून दादाभाई नौरोजींनी हा शब्द उच्चारला आणि तो साऱ्या देशाचा झाला. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री टिळकांनी लोकांच्या तोंडी केली. १९१६ साली त्यांनी होमरूल लीग काढली तेव्हा स्वराज्याचा अर्थ मुलूख असा उरला नव्हता. आपला कारभार आपण पाहावा, असा झाला होता. आजोबांनी समासात लिहिले होते : 'आधी सनदेने मिळत होते, मग मागू लागलो, मग मागणेही सोडले.'

'स्वदेशी'पुढे सार्वजनिक काकांचे नाव होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे हे गणेश वासुदेव जोशी १८७७ सालच्या दिल्ली दरबारास हाताने कातलेल्या जाड्याभरड्या वस्त्रांत गेले. राजेरजवाड्यांच्या जरतारी पोशाखांत ते कसे दिसले असतील, याची कल्पना करून पाहावी. गांधीजी त्या वेळी सात वर्षांचे होते.

'बहिष्कार' हा शब्द मात्र आजोबांना अस्वस्थ करीत असे. १८८० साली आयर्लंडमध्ये बॉयकॉट नावाच्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्यावर कुळांनी असा कडक बहिष्कार घातला की त्याच्या शेतावर मजूर मिळेना आणि दुकानदार त्याला माल देईनात. त्याचे नावच या कृतीला पडले. आयर्लंडवरही तेव्हा इंग्रजांचेच राज्य होते. १९०५ साली बंगालची फाळणी झाली, तेव्हा पुण्यातही परदेशी कापडाची होळी पेटली. हा झाला एक बहिष्कार. परंतु आपल्याकडे तो शब्द त्याहून कितीतरी जुना आहे. जातीची पंचायत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकी, त्यालाही बहिष्कारच म्हणत. आणि लक्षावधी माणसे तर जन्मतःच गावाबाहेर ठेवलेली होती. १९२४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या सभेचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा' असे ठेवले आणि १९२७ साली, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर थोड्याच दिवसांनी, 'बहिष्कृत भारत' हे पत्र सुरू केले. वहीतला अर्थ मला तोंडपाठ आहे : 'बहिष्कार दोन. एक आपण मालावर घालतो तो. दुसरा आपण माणसांवर घालतो तो. पहिला मोडला तर दंड होत नाही. दुसरा मोडला तर होतो.'

'राजद्रोह' या शब्दाची कथा छापखान्यातील वडीलधाऱ्या जुळाऱ्यांकडून त्यांनी ऐकलेली. १८९७ साली टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला. कायद्यात सरकारविषयी 'अप्रीती' उत्पन्न करणे हा अपराध होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावून दिले की, अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे एवढेही पुरे! टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ च्या खटल्यात तर भांडण उघड उघड शब्दांचेच होते. 'केसरी'तील लेखांची इंग्रजी भाषांतरे न्यायालयापुढे होती आणि ज्यूरीतील बहुसंख्य गोऱ्या गृहस्थांना मराठी येत नव्हते. मूळ मराठी शब्दाचा अर्थ हा नव्हे, तो आहे, असे टिळक दिवसचे दिवस समजावून सांगत राहिले. सात विरुद्ध दोन अशा मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. एका शब्दाचे भाषांतर चुकले तर काय होते, याचे याहून मोठे उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी देऊ शकलो नाही. परीक्षेत एक गुण जातो. तेथे सहा वर्षे गेली.

'वसाहतीचे स्वराज्य' हे शब्द आज कोणी वापरीत नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया या वसाहतींना जसा आपापला कारभार मिळाला, परंतु राजा इंग्लंडचाच राहिला, तसे ते स्वराज्य. १९२८ साली नेहरू अहवालाने तेवढेच मागितले होते. १९२९ च्या डिसेंबरात लाहोरला काँग्रेसने 'पूर्ण स्वराज्य' हे ध्येय ठरविले आणि २६ जानेवारी १९३० हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला. गंमत अशी की १५ ऑगस्ट १९४७ रोजी जे हाती आले, ते कायद्याच्या भाषेत 'डोमिनियन'च होते. राजा इंग्लंडचा सहावा जॉर्ज, गव्हर्नर जनरल लॉर्ड माउंटबॅटन. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले आणि आपण प्रजासत्ताक झालो तेव्हाच तो शेवटचा धागा तुटला. त्या दिवशी छापखान्यात पेढे वाटले की नाही, हे आजोबांना आठवत नव्हते. 'प्रजासत्ताक' हा शब्द ओळीच्या शेवटी मावेना म्हणून तीन वेळा ओळ मोडावी लागली, एवढे आठवत होते.

आता गोव्याविषयी सांगितले पाहिजे. वहीतील 'वसाहत' हा शब्द तेथे येतो.

१५१० पासून गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. इंग्रज गेले तरी ते गेले नाहीत. गोवा ही वसाहत आहे, ती सोडा, असे भारत म्हणू लागला, तेव्हा पोर्तुगालने एक अजब उपाय योजला. १९५१ साली त्यांनी आपल्या राज्यघटनेतील 'वसाहत' हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी 'समुद्रापारचा प्रांत' असा शब्द घातला. आता गोवा ही वसाहतच नव्हे, तो पोर्तुगालचा एक प्रांत. मग स्वातंत्र्य मागता कोणाचे? माणसे तीच, तुरुंग तेच, फक्त खिळे बदलले! फ्रान्सनेही अल्जीरियाच्या बाबतीत असेच केले होते : अल्जीरिया ही वसाहत नव्हे, तो फ्रान्सचाच भाग आहे, असे तो म्हणे. १९६२ साली, फार मोठ्या रक्तपातानंतर, अल्जीरिया स्वतंत्र झाला.

गोव्यासाठी पुण्यात १९५४ साली गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे यांनी सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याची सीमा ओलांडली. मग एकामागून एक तुकड्या निघू लागल्या. आजोबांचे धाकटे बंधू एका किराणा दुकानात हिशेबनीस होते. त्यांना आम्ही काका आजोबा म्हणत असू. ते ऑगस्टमध्ये, 'कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जातो' असे वहिनीला सांगून घराबाहेर पडले. दोन दिवसांनी त्यांच्या उशाखाली चिठ्ठी सापडली.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही सीमेवरून आत शिरले. पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि अनेक जण मृत्युमुखी पडले. बातमी छापखान्यात पोचली. मृतांची जी नावे कळली होती, ती पेन्सिलीने लिहिलेला एक कागद आजोबांच्या हाती आला. त्यांनी तो आधी वाचला नाही. मला हे फार वर्षांनी कळले. जुळारी मजकूर आधी वाचीत नाही, तो ओळीओळीने जुळवीत जातो. त्या दिवशी त्यांनी तो नियम घट्ट धरून ठेवला. एकेक नाव जुळवून होई आणि ते कागदाची घडी एक बोट खाली सरकवीत. अशा तीन-चार ओळी झाल्या आणि पुढचे नाव आले ते काका आजोबांचे. तेच नाव. ते सारे अक्षर अक्षर जुळवून झाले. आडनावासाठी कागदाकडे पाहावयाचे होते, ते त्यांना पाहवेना. शेजारच्या केसवरचा जुळारी म्हणाला, "अण्णा, थांबलात का?" तेव्हा त्यांनी पाहिले. आडनाव दुसरे होते.

"मला बरं वाटलं," आजोबा म्हणाले. "बाळ, मला बरं वाटलं, हे तुला सांगतो. आणि मग मी ते दुसरं आडनाव जुळवलं."

काका आजोबा दहा-बारा दिवसांनी परत आले. त्यांच्या पिंढरीतून गोळी आरपार गेली होती. ते जन्मभर किंचित लंगडत चालले, आणि लोकांनी सत्कार करावयाचे म्हटले की ते सरळ अंबाबाईच्या दर्शनाला निघून जात. आजोबांनी त्यांना त्या कागदाविषयी कधीच सांगितले नाही. वहीत 'हुतात्मा' हा शब्द आहे. त्याच्या पुढची जागा कोरी आहे.

१९६० साली आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींना स्वातंत्र्य द्यावे, असा जाहीरनामा स्वीकारला आणि दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या ठरावाने पोर्तुगालला बजावले की, तुमचे हे 'प्रांत' म्हणजे स्वयंशासन नसलेले प्रदेशच होत. त्या यादीत गोव्याचेही नाव होते. पुढच्या वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. मुक्त म्हणावयाचे, स्वतंत्र नव्हे. कारण गोवा आधीच स्वतंत्र असलेल्या देशाला येऊन मिळाला. १७ सप्टेंबर १९४८ च्या मराठवाड्याच्या बाबतीतही आपण मुक्ती हाच शब्द योजतो. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व कागदोपत्री मान्य केले ते १९७४ च्या अखेरीस. म्हणजे तो 'प्रांत' लिस्बनच्या कागदांवर आणखी तेरा वर्षे जगला.

लकडी पुलावर त्या संध्याकाळी हे सारे मला आठवले आणि सकाळी मी पुन्हा सातवीच्या वर्गावर गेलो. मुलांना सांगितले की काल हसण्यात चूक माझी झाली. 'वसाहत' या शब्दाचे 'वसणे'शी नाते आहे. बाहेरून लोक येऊन वसतात, ती वसाहत. केनियात गोरे लोक खरोखरच येऊन वसले आणि उत्तम जमिनी त्यांनी बळकावल्या. आपल्याकडे इंग्रज फारसे वसले नाहीत. आले, राज्य केले, निवृत्तिवेतन घेऊन मायदेशी गेले. पुण्यात १८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर त्यांचे निशाण चढले. पण राहण्यासाठी त्यांनी पेठा टाळल्या आणि बाहेर आपले लष्कर वसविले. आपण अजूनही कँपात जातो, तो हाच. तेव्हा एकच शब्द दोन वाटांनी गेला आहे. एका वाटेवर राज्ये आहेत आणि दुसरीवर तुमची-आमची घरे.

तो मुलगा उभा राहिला. आज त्याची मान ताठ होती. "सर, मी घरी बाबांना विचारलं. ते म्हणाले, वसाहतीतलं घर आपलं नाही. ते निवृत्त झाले की सोडावं लागतं. मग वसाहतीत जे राहतात त्यांचं काहीच नसतं का?"

या वेळी वर्ग हसला नाही, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. "याचा विचार करून सांगतो," असे मी म्हणालो. मी अजून ते सांगितलेले नाही.

मधल्या सुटीत मी त्याला कार्यालयात बोलाविले. आजोबांच्या मागे उरलेले दहा-बारा खिळे मी टेबलाच्या खणात ठेवीत असे. त्यांतला अर्धा 'स' मी त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो डोळ्यांजवळ नेऊन निरखला. "उलटा आहे," तो म्हणाला. मी शिक्क्याची गादी पुढे सरकविली. त्याने खिळा शाईवर दाबला, मग आपल्या वहीच्या नव्या पानावर. जांभळा अर्धा 'स' सुलट उमटला.

"आता पुढचा शब्द तू पुरा कर," मी म्हणालो, आणि मोठ्या अपेक्षेने वाट पाहू लागलो.

त्याने खिशातून पेन काढले, थोडा विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिले : 'स्वाध्याय'.